पहिल्या ओव्हरटेकला वाघ, तिसऱ्याला शेळी: टर्बो गाडी घाटात का मरते?

मे महिना, दुपारचे दोन. वाई मागे पडली, पसरणी घाट सुरू झाला आणि समोर एसटी. दहा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तिच्या मागे रांगत गेलो. मग जरा सरळ रस्ता दिसला, समोरून कोणी नाही, अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबला आणि गाडीने जणू ऐकलंच नाही. पुढे गेली, पण सकाळी खंबाटकीत सीटला पाठ चिकटवणारा पिकअप कुठे गेला कळेना. बायको म्हणाली, "राहू दे, मागेच थांब." थांबलो.

संध्याकाळी गार झाल्यावर तीच गाडी ठणठणीत. चेक इंजिनचा दिवा नाही, धूर नाही, आवाज नाही. सर्व्हिस सेंटरला नेली की ती शहाण्या मुलासारखी वागायची. तीन उन्हाळे हे चाललं. तेवढ्यात एअर फिल्टर बदलून झाला, प्लग बदलून झाले, इंजेक्टर साफ करण्याचं औषध टाकीत ओतून झालं. शेवटी एकाने बॉनेट बंद करता करता निदान सांगितलं: "साहेब, टर्बो गेला." खर्च लाखाच्या घरात.

टर्बो गेलेला नव्हता. टर्बो म्हणजे एग्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. टर्बो गाडी मंदावली की पहिला संशय टर्बोवरच जातो, आणि बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. बघायचं असतं ते टर्बो आणि इंजिन यांच्या मधल्या हवेकडे. ती किती तापली आणि वाटेत किती गळली, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका. माझ्या गाडीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या, म्हणून तीन वर्षं लागली.

आधी गिअर बघा. हसू नका. छोट्या टर्बो इंजिनाचा सगळा जोर साधारण १,८०० ते ४,००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पट्ट्यात असतो. त्याच्या खाली ते एक लिटरचं किंवा सव्वा लिटरचं साधं इंजिन असतं, आणि दाबलेली हवा झेपावी म्हणून त्याचं कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरात हवा दाबायचं प्रमाणही, बऱ्याचदा कमी ठेवलेलं असतं. एसटीमागे तिसऱ्या गिअरमध्ये १,४०० वर रांगत असताना पाय दाबला तर टर्बोला वेग धरायलाच एक-दोन सेकंद लागतात. तो दोष नाही, स्वभाव आहे. दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० वरून दाबूनही गाडी मेलेलीच असेल, तरच पुढचं वाचा.

माझा एक मित्र जुनी होंडा सिटी व्हीटेक जिवापाड जपतो. दीड लिटर, टर्बो नाही, शंभरावर घोडे. त्याचं ठरलेलं वाक्य: "टर्बो म्हणजे उसनं बळ." मी त्याला दरवेळी फेरारीचं उदाहरण द्यायचो. ४५८ मध्ये साडेचार लिटरचं विनाटर्बो व्ही-८ होतं, ५७० घोडे, ५४० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि तोही ६,००० आरपीएमला. २०१५ मध्ये ४८८ आली. इंजिन ३.९ लिटरचं, दोन टर्बो, ६७० घोडे आणि ७६० न्यूटन मीटर फक्त ३,००० वर. तो म्हणायचा, मग फेरारीने खालच्या गिअरमध्ये तो टॉर्क मुद्दाम दाबून का ठेवला? त्याचं बरोबर होतं. गाडी विनाटर्बोसारखी वर चढत जाणारी वाटावी म्हणून फेरारीने पूर्ण टॉर्क फक्त सातव्या गिअरला दिला. पोर्शनेही साधी ९११ टर्बोवर नेली, पण जीटी३ ला आजही चार लिटरचं, ९,००० पर्यंत ओरडणारं विनाटर्बो इंजिन ठेवलं आहे.

या वादात माझ्या दुखण्याचं एक उत्तर लपलेलं होतं, ते उशिरा कळलं. विनाटर्बो गाडीही उन्हात मंदावतेच. पण तिचा जोर वरच्या आरपीएमला असतो, तिथे आपण रोज जात नाही, म्हणून घट जाणवत नाही. टर्बोचा जोर मधल्या उंचवट्यात असतो आणि आपण दिवसभर त्याच उंचवट्यावर बसलेलो असतो. तो दहा टक्के खचला तरी बुडाखालून पाट काढून घेतल्यासारखं वाटतं.

मग एका रविवारी दोघंही गाड्या घेऊन पसरणीला गेलो. त्याची गाडी म्हणजे माझी मोजपट्टी. वाई साधारण ७२० मीटर उंचीवर, पाचगणी १,२९० च्या आसपास. एवढ्या चढात हवेचा दाब अंदाजे सात टक्के उतरतो, आणि विनाटर्बो इंजिन बाहेर असेल तीच हवा ओढतं, त्यामुळे त्याची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. २५ अंशांची हवा ४० अंशांची झाली की आणखी पाच टक्के जातात. त्याच्यावर कुठलाही उपाय नाही आणि त्यात कसली भानगडही नाही. टर्बो गाडीला उंची मात्र फारशी भोवायला नको, कारण टर्बो जरा जास्त फिरून तूट भरून काढतो. म्हणजे त्या दिवशी माझी गाडी त्याच्यापेक्षा कमी मंदावायला हवी होती. झालं उलटं. पाचगणीच्या नाक्यावर तो माझ्या आधी पोचून काकडी खात उभा होता. तिथे पक्कं झालं की हा नुसता हवामानाचा दोष नव्हे.

तुमच्याकडे असा मित्र असेल तर ही चाचणी फुकट आहे. फक्त शर्यत लावू नका. तोच चढ, तोच गिअर, तोच आरपीएम, आणि शेजारी बसलेल्याने वेळ मोजायची.

आता तापण्याचं गणित. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं तोंड पंक्चर काढताना हाताला गरम लागतं तसं. ३० अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनही (टर्बोचा हवा दाबणारा भाग) ती ९५ अंशांच्या आसपास बाहेर पडते, आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या खऱ्या कॉम्प्रेसरमधून १२५ च्या घरात. तापलेली हवा फुगते. दाब दुप्पट होऊनही इंजिनात हवा भरते ती फक्त दीडपट. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. त्याने ती हवा ५० अंशांवर आणली की भरणा १.९ पटीजवळ जातो. इंटरकूलर थकला आणि हवा ७५ अंशांवरच राहिली तर १.७५ पट. म्हणजे सात-आठ टक्के इथेच गेले.

खरा मार मात्र पुढे बसतो. गरम हवेने नॉकिंग व्हायला लागतं, म्हणजे पेट्रोल ठिणगीच्या मर्जीविना स्वतःच पेटतं. नॉक सेन्सरला ते ऐकू येतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो; गरज पडली तर बूस्टही, म्हणजे टर्बोने चढवलेला दाबही, उतरवतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. दिवा लागत नाही, कारण बिघाड झालेलाच नसतो. गाडीने स्वतःला सांभाळलेलं असतं.

एसटीमागे रांगताना हे सगळं एकत्र जुळून येतं. समोरून वारा नाही, इंटरकूलरच्या पुढ्यातला एसीचा कंडेन्सर तापलेला, बॉनेटखाली भट्टी, आणि वर जावं तसा तोच दाब गाठायला टर्बोला जास्त दाबावं लागतं म्हणून हवा आणखी गरम. हा प्रश्न नवा नाही. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायचे, त्याची वेगळी टाकी होती. लोक ती भरायला विसरायचे आणि मग गाडी बूस्ट कापून टाकायची. मित्सुबिशी इव्होच्या कित्येक मॉडेलांत इंटरकूलरवर पाणी मारायचा फवारा कंपनीनेच दिला होता. बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसमध्ये पाणी थेट आत येणाऱ्या हवेत सोडलं. एवढ्या मोठ्यांना फवारे लावावे लागले, तर आपली हॅचबॅक घाटात दमते यात लाज वाटायचं कारण नाही.

मोजायचं कसं

एक ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं अ‍ॅप, एवढं पुरतं. चार आकडे एकत्र नोंदवा: आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब, ठिणगीचं टायमिंग आणि आरपीएम. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या. घाटात गाडी चालवत आलेख बघणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्यात भर नको.

दोन ठिकाणी लोक फसतात. दाब अ‍ॅपवर दिसतो तो निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेसकट. पुण्यात बाहेरचाच दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, महाबळेश्वरला ८६. दोन्हीकडे १७० दिसत असेल तर इंजिनाला सारखीच हवा मिळते आहे, पण टर्बो महाबळेश्वरला जास्त राबतो आहे. शिवाय ओबीडीचं साधं मापन २५५ किलोपास्कलला थांबतं. मोठ्या बूस्टच्या किंवा रिमॅप केलेल्या (ईसीयूचा प्रोग्रॅम बदललेल्या) गाडीत काटा २५५ वर चिकटला तर सेन्सर बिघडला असं समजू नका. दुसरी फसगत तापमानाची. काही गाड्यांत तो सेन्सर फिल्टरपाशी, टर्बोच्या आधी असतो, काहींत इंटरकूलरच्या नंतर. जोर लावल्यावरही आकडा बाहेरच्या तापमानाजवळच रेंगाळत असेल तर तुम्ही बहुधा फिल्टरपाशीचा सेन्सर वाचता आहात, आणि त्यावरून इंटरकूलरबद्दल काहीही कळणार नाही.

मग एकच चाचणी दोनदा करायची. सकाळी गार हवेत, आणि दुपारी दहा मिनिटं रांगल्यानंतर. गिअर तोच, चढ तोच, सुरुवातीचा आरपीएम तोच.

तापमान चढलेलं, दाब सकाळइतकाच, टायमिंग मात्र मागे गेलेलं: हवा तापली आहे. तापमान ठीक, पण दाब उशिरा चढतो किंवा सकाळइतका चढतच नाही: गळती, नाहीतर वेस्टगेटची (टर्बोचा जोर आवरणाऱ्या झडपेची) भानगड. तिन्ही आकडे सकाळसारखेच आणि तरी गाडी मंद: हवेचा नाद सोडा, क्लच आणि ब्रेक बघा. वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर आरपीएम पळतो आणि वेग पळत नसेल तर क्लच घसरतो आहे, टर्बोचा मधला टॉर्क म्हातारा क्लच लगेच उघडा पाडतो. ड्राय ड्युअल क्लच गिअरबॉक्स असेल तर घाटात रांगून तो तापतो आणि स्वतःला वाचवायला इंजिनाचा टॉर्कच कमी करून मागतो. अशा वेळी थ्रॉटल किती टक्के उघडला तेही नोंदवा. तुमचा पाय तळाला आणि थ्रॉटल अर्धा, असं दिसलं तर दाब चढला नाही म्हणून फुटलेला होज (हवेची रबरी नळी) शोधत बसू नका, कोणीतरी आतून हात धरला आहे.

माझ्या नोंदीत दुपारी तापमान चढलेलं होतं आणि दाबही कमी पडत होता. दोन्ही. इथेच घोळ झाला होता. कोणी तापमान बघून म्हणायचं, "उन्हाळ्यात असंच असतं", आणि गोष्ट तिथेच संपायची.

गळती शोधताना

थंड गाडीवर धुराची चाचणी, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायची चाचणी, केली होती. धूर कुठूनही आला नाही, म्हणून गळती नाही असा निकाल लागला. तीच चूक.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत जाणारा रबरी होज माझ्या गाडीत खालच्या बाजूने वाकून जातो. त्या वाकणात, क्लिपच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर होती. रबर थंड असताना ती मिटलेली. गरम झालं, आतून दाब आला आणि जोर लावल्यावर इंजिन माउंटवर किंचित कललं की चीर ओठासारखी उघडायची. सकाळी गाडी ठणठणीत का, याचं उत्तर एवढंच. आणि गळलेली हवा भरून काढायला टर्बो जास्त फिरायचा, त्यामुळे हवा आणखी तापायची. एका दुखण्याने दुसरं वाढत होतं.

ती दिसली कशी? डोळ्यांनी. इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) थोडी ऑइलची वाफ या पाइपांतून जातच असते. होज आतून किंचित तेलकट असणं नॉर्मल आहे, बाहेरून तेलकट असणं नाही. जिथे हवा फुटते तिथे तेलाचा शिंतोडा उडतो आणि त्यावर धूळ बसून काळा, ओलसर डाग तयार होतो. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, टॉर्च घ्या, आरसा घ्या आणि होजच्या पोटाकडच्या बाजू बघा. वरून तर सगळ्याच छान दिसतात. माझ्या मेकॅनिकने कव्हर काढल्यावर दोन मिनिटांत डागावर बोट ठेवलं. तीन वर्षांत ते कव्हर कोणी काढलंच नव्हतं.

डाग सापडला नाही तर दाबाची चाचणी करा, पण गरम गाडीवर, इंजिन बंद करून. टर्बोच्या तोंडाशी पीव्हीसीची टोपी घट्ट बसवायची, ब्रीदरची नळी बंद करायची, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, जाऊन ऑइल सील बाहेर ढकलेल. गॅरेजमधल्या हवा भरायच्या कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून अर्ध्या बारपासून सुरुवात करायची, गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जायचं नाही. साबणाचं पाणी मारायचं आणि होज हाताने हलवून, पिळून बघायचा. टोपीच्या समोर चेहरा आणायचा नाही, सुटली तर ती गोळीसारखी येते. एग्झॉस्टजवळ हात घालण्याआधी विचार करा, पेट्रोल टर्बोत जोर लावल्यावर तिथला वायू ९०० अंशांच्या पुढे असतो आणि लोखंड ती आठवण बराच वेळ ठेवतं.

होज सगळे शाबूत निघाले तर पुढचा संशयित डायव्हर्टर व्हॉल्व्ह, पाय काढल्यावर जादा दाब सोडून देणारा. त्याचा पडदा फाटला की दाबलेली हवा गुपचूप परत टर्बोच्या तोंडाशी जाते, बाहेर काहीच दिसत नाही. मग वेस्टगेटची दांडी अडकते का, आणि तिला हुकूम देणाऱ्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) बारीक नळ्या तडकल्या आहेत का. ओबीडीवर पी०२९९ हा बिघाडाचा कोड आला असेल तर तो एवढंच सांगतो की मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. टर्बो बदला असं तो कुठेही म्हणत नाही. टर्बो खरंच गेला असेल तर सहसा निळा धूर, सायरनसारखी शिट्टी किंवा टर्बोचं चाक बाहेरच्या कवचाला घासेल एवढी शाफ्टची हालचाल यांपैकी काहीतरी दिसतंच. शाफ्ट आडवा किंचित हलतो, त्याला घाबरू नका. तो ऑइलच्या थरावर तरंगायला बनवलेला आहे.

प्लगबद्दल एक सांगायलाच हवं. माझ्या गाडीत मधल्या काळात कोणीतरी विनाटर्बो गाडीसारखी गॅप (ठिणगी उडते ती फट) ठेवून प्लग बसवले होते, एक मिलिमीटरहून जास्त. दाट हवेत एवढी लांब ठिणगी उडवायला कॉइल कमी पडते आणि बूस्टवर गाडी आचके देते. टर्बो पेट्रोलला बहुधा ०.७ ते ०.८ लागते. मॅन्युअलमध्ये असेल तोच आकडा धरा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) स्वतः आत घालून बघा, "कंपनीतून सेट होऊन येतात" यावर विसंबू नका.

विनाटर्बो गाडी मंदावली तर यादी छोटी आहे: फिल्टर, थ्रॉटल बॉडी, प्लग, टॅपेट, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. व्हीटेक असेल तर आधी डिपस्टिक काढा, कारण वरच्या आरपीएमसाठीचा वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) ऑइलच्या दाबाने लागतो आणि ऑइल कमी असेल तर लागतच नाही. तिच्या होजमधून हवा बाहेर फुटत नाही, उलट आत शिरते, म्हणून गळती असली तर ती आयडलिंगला कळते, चढावर नाही. टर्बोत नेमकं उलट. मित्राचं "उसनं बळ" एवढ्यापुरतं मी मान्य करतो.

नवा होज बसवल्यावर दुपारचा दाब सकाळइतका झाला. तापमान अजून चढायचं, म्हणून बंपर उतरवला. इंटरकूलरच्या पंखांत माती, किडे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी होती, खालचा एक भाग दगडांनी चेपलेला. हलक्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने धुतला, प्रेशर वॉशर लांबच ठेवला, चेपलेले पंख प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ केले. ज्यांच्या गाडीत इंटरकूलर पाण्याने गार होतो त्यांनी त्याचा छोटा विजेचा पंप चालतो का ते बघावं. तो बंद पडला तरी इंजिनाचं तापमान ठीकच दिसतं, त्यामुळे कोणी तिकडे वळत नाही.

पेट्रोलचा प्रयोगही केला. तेव्हा बीएस-६ च्या मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याचं माप) लागायचा, प्रीमियमला ९५. उन्हाळ्यात ९५ भरल्यावर दुपारचं टायमिंग थोडं पुढे आलं, हे नोंदीत दिसलं. डिसेंबरात काही फरक दिसला नाही, म्हणून थंडीत साधंच भरायचो. मित्राच्या सिटीला दोन्ही ऋतूंत काहीच फरक पडला नाही. तरी तो महागडंच भरतो, आणि त्यावर मी बोलायचं सोडलं आहे.

गेल्या मेमध्ये पुन्हा पसरणी. पुन्हा एसटी, पुन्हा दहा मिनिटं रांगणं. यावेळी एक केलं: सरळ रस्ता येण्याआधी मुद्दाम दोन गाड्यांचं अंतर सोडलं, दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा मिनिट मोकळा वारा इंटरकूलरला लागू दिला. तापमान चार-पाच अंश उतरलं. दाबला, आणि गाडी सुटली. फुटलेला होज अजून गॅरेजच्या खिळ्याला लटकतो आहे. "टर्बो गेला" म्हणत कोणी आलं की मेकॅनिक तो उतरवून त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, पिळून बघा.